ट्रेलरवरच्या होडीच्या बुडाला रंग: हवा का, कोणता आणि कसा

कोकणात हल्ली अठरा-वीस फुटी फायबरच्या होड्या वाढल्या आहेत. होमस्टेवाल्याची पाहुण्यांना खाडीत फिरवायला एक, गळाने मासे धरायचा नाद लागलेल्या पुण्या-मुंबईच्या चार मित्रांची मिळून एक. मागे टांगलेलं इंजिन, खाली ट्रेलर, ट्रेलर ओढायला जीप नाहीतर ट्रॅक्टर. पहिला हंगाम मजेत जातो. मग धक्क्यावरचं कुणीतरी सांगतं, ‘अहो, बुडाला अँटिफाउलिंग मारून घ्या.’ म्हणजे बुडावर शेवाळ आणि कवचाचे प्राणी बसू नयेत म्हणून लावायचा रंग. नवा मालक रंगाच्या दुकानात जातो आणि मिळेल तो लाल डबा उचलून आणतो.

तो डबा आणण्याआधी हे वाचा. ट्रॉलरचं बूड रंगवणं आणि ट्रेलरवरच्या होडीचं बूड रंगवणं ही दोन वेगळी कामं आहेत. ट्रॉलर महिनोन्महिने पाण्यात राहतो. तुमची होडी आत-बाहेर करते, उन्हात वाळते, ट्रेलरवर ती टेकते त्या पट्ट्यांवर घासते. रंग कोणता घ्यायचा, कुठे जाड लावायचा आणि मुळात लावायचा की नाही, हे सगळं त्यावर ठरतं.

आधी ठरवा, रंग हवाच का

होडी रोज संध्याकाळी, किंवा दोन-तीन दिवसांनी का होईना, ट्रेलरवर येत असेल तर हा रंग लावू नका. खर्च वाया जातो, गुळगुळीत जेलकोट, म्हणजे फायबरचा बाहेरचा चकचकीत थर, कायमचा खरबरीत होतो, आणि तो रंग पुन्हा काढायचा म्हणजे चार दिवसांची धूळ. अशा होडीला गोड्या पाण्याचा पाइप आणि एक स्पंज पुरतो. मात्र हे धुणं त्याच दिवशी व्हायला हवं. बुळबुळीत थर ओला असताना हाताने निघतो, वाळला की चिकटून बसतो.

होडी सलग आठवड्याच्या वर खाऱ्या पाण्यात नांगरून राहणार असेल तर विचार सुरू करा. महिनाभर किंवा जास्त राहणार असेल तर रंग हवाच.

पाण्यात काय होतं ते पाहिलं की ही मुदत का, ते कळतं. होडी पाण्यात गेल्यावर काही तासांतच बुडावर जिवाणूंचा न दिसणारा थर बसतो, मग शेवाळ. त्यापाठोपाठ बार्नेकल येतो, खडकावर अनवाणी चाललं की तळपाय कापणारा तो पांढरा टोकदार प्राणी. त्याचं बसण्याच्या वयाचं पिल्लू अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतं. ते बुडावर उतरून आपल्या दोन मिशांवर अक्षरशः चालतं आणि जागा तपासतं. पसंत पडली की डोकं खाली करून स्वतःला सिमेंटसारख्या द्रवाने चिकटवून घेतं, भोवती कवच बांधतं आणि उरलेलं आयुष्य पाय हलवत पाण्यातलं अन्न ओढत काढतं. एकदा हे सिमेंट धरलं की पाण्याच्या वेगाने तो निघत नाही, खरवडावाच लागतो. चार बार्नेकल बसले तरी होडी पाण्यावर उचलायला वेळ लावते, आणि पेट्रोलचा काटा ते आधी सांगतो.

पावसाळ्यात खाड्यांत गोडं पाणी उतरतं तेव्हा या मंडळींचा जोर कमी असतो. पाऊस ओसरला, पाणी निवळून खारट झालं की ती जोमाने बसायला लागतात. आपला हंगामही नेमका तेव्हाच सुरू होतो.

पानशेत, पवना, मुळशी अशा धरणांच्या पाण्यात होडी ठेवणाऱ्यांनी मात्र या भानगडीत पडू नये. तिथे बार्नेकल नाही, फार तर शेवाळ. आणि पानशेतचं पाणी पुण्याच्या, पवनेचं पिंपरी-चिंचवडच्या नळाला येतं. त्यात तांब्याचा रंग सोडायचं काही कारण नाही.

रंग काम कसा करतो

या रंगांतलं मुख्य औषध बहुधा क्युप्रस ऑक्साइड असतं, म्हणजे तांबं. सुपारीच्या बागेत कोळेरोगावर बोर्डो मिश्रण मारतात त्यात जो धातू काम करतो, तोच इथेही. तांबं हळूहळू विरघळून बुडालगतच्या पातळशा पाण्यात राहतं आणि पिल्लाला तिथे बसू देत नाही.

यात ‘विरघळून’ हा शब्द महत्त्वाचा. ब्रिटिश आरमाराने १७६१ मध्ये ‘अलार्म’ या जहाजाच्या लाकडी बुडाला तांब्याचे पत्रे ठोकले. पुढे पत्रे झिजतात अशी तक्रार आली, तेव्हा १८२४ मध्ये हंफ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाने त्यांना लोखंडाचे आणि जस्ताचे तुकडे जोडले. तांब्याची झीज थांबली खरी, पण बुडावर शेवाळ आणि बार्नेकल बसायला लागले. वाचलेलं तांबं निरुपयोगी ठरलं.

म्हणजे जो रंग झिजत नाही तो काम करत नाही. वर्षभराने रंग पातळ झाला म्हणून दुकानदाराशी भांडू नका, तो त्यासाठीच होता. आणि टिकावा म्हणून त्यावर चकचकीत वॉर्निश किंवा मेण तर कधीच लावू नका.

साध्या ऑइलपेंटमध्ये मोरचूद मिसळायचा सल्लाही मिळेल. मोरचूद पाण्यात भराभर विरघळतं. पृष्ठभागावरचं लगेच निघून जातं, उरलेलं ऑइलपेंटच्या कवचात अडकून पडतं. हा उद्योग करू नका.

कोणता घ्यायचा

ढोबळमानाने तीन घराणी आहेत.

कडक रंगाचं कवच जागेवर राहतं आणि आतलं तांबं झिरपत जातं. तो घासता येतो आणि ट्रेलरच्या रुळांना चांगला तोंड देतो. पण पाण्याबाहेर आठवडेच्या आठवडे वाळला की वरचं तांबं हवेने मंदावतं. शिवाय कवच झिजत नसल्यामुळे दरवर्षीचे थर साचत जातात आणि एक दिवस खपल्या निघायला लागतात.

राळेचा पारंपरिक मऊ रंग स्वस्त पडतो. लावल्यावर ठरलेल्या मुदतीत होडी पाण्यात सोडावी लागते आणि मग ती पाण्यातच ठेवावी लागते, नाहीतर तो फुकट जातो. वाळल्यावरही हाताला लागतो. ट्रेलरवाल्याने याच्या वाटेला जाऊ नये, पहिल्याच फेरीत पट्ट्यांवर अर्धा पुसला जाईल.

तिसरा स्वतः झिजणारा कोपॉलिमर. साबणाच्या वडीसारखा वरून थोडा थोडा उतरत जातो आणि खालचा ताजा थर उघडा पडत जातो. पाण्याबाहेर काढून वाळवला आणि पुन्हा सोडला तरी चालणारे प्रकार यात मिळतात. ट्रेलरच्या होडीला हाच घ्यावा असं माझं मत आहे. पट्ट्यांवर तो घासला जातो हे खरं, त्यावरचा उपाय पुढे सांगतो. डब्यावर किंवा माहितीपत्रकात ‘पाण्याबाहेर काढून पुन्हा सोडता येतो’ असं स्पष्ट लिहिलेलं आहे ना, ते पाहा. तसं लिहिलेलं नसेल तर दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका.

सिलिकॉनचे निसरडे लेपही असतात. त्यांना वेग लागतो आणि ट्रेलरवर ते ओरखडतात. नवख्याने तूर्त सोडून द्यावेत.

होडी ॲल्युमिनियमची असेल तर क्युप्रस ऑक्साइडचा रंग अजिबात नाही. खाऱ्या पाण्यात तांबं आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. त्यासाठी तांबंविरहित रंग मिळतात.

किती लागेल याचा हिशोब सोपा आहे. पाणरेषेवरची लांबी गुणिले, रुंदी अधिक पाण्यातली खोली. साडेपाच मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि चाळीस सेंटिमीटर बुडणारी होडी असेल तर ५.५ × २.४, म्हणजे १३ चौरस मीटरच्या थोडं वर. एक लिटर एका हाताला साधारण आठ ते दहा चौरस मीटर पुरतो. दोन हात आणि झिजणाऱ्या जागांचा तिसरा धरला तर साडेतीन लिटर घ्या. जहाजांचे रंग बरेचदा मोठ्या डब्यांत येतात, तेव्हा शेजारच्या होडीवाल्याला गाठा आणि वाटून घ्या. डबा उचलला की हाताला जड लागेल. लिटरचं वजन दीड-पावणेदोन किलो असू शकतं, कारण आत तांबं आहे. डबा हलका लागला तर लेबल पुन्हा वाचा.

कधी आणि कुठे

यंत्रचलित नौकांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते. त्या काळात किनाऱ्यावर होड्या शाकारलेल्या असतात आणि हाताशी वेळ असतो, म्हणून याच दिवसांत रंगकाम काढायचा मोह होतो. आवरा. हवेतला दमटपणा ८५ टक्क्यांच्या वर असताना आणि बूड गार असताना रंग लावला तर त्याखाली ओल अडकते. घासणं, लांबी (पुट्टी) भरणं, ट्रेलरची डागडुजी ही कामं पावसात छपराखाली करून ठेवा आणि रंगाला पाऊस उघडू द्या. ऑक्टोबरचं ऊनही वाईटच. दुपारी बूड इतकं तापतं की रंग रोलरवरच सुकतो आणि दोरे ओढतो. सकाळी दहिवर पूर्ण वाळल्यावर सुरू करा आणि ऊन चढायच्या आत एक हात संपवा.

बूड खरंच कोरडं आहे का, हे पाहायची एक युक्ती आहे. ओल्या फडक्याने हातभर जागा पुसा. तो ओला डाग दहा-पंधरा मिनिटांत नाहीसा झाला तर हवा रंगाला अनुकूल, नाहीतर त्या दिवशी चहा प्या.

जागा वाळूची नको, वाऱ्याने कण रंगावर येऊन बसतात. सिमेंटचा कोबा असेल तर उत्तम. खाली ताडपत्री हवीच.

पाणरेषा आखा

हे होडी पाण्यात असतानाच करायचं. नेहमीचं पेट्रोल, नेहमीचं सामान, नेहमीची माणसं घ्या आणि निवांत पाण्यात होडी जिथे बसते तिथे चारी बाजूंनी खूण करा. रंग त्या रेषेच्या दोन-तीन सेंटिमीटर वर न्यायचा. शेवाळ सगळ्यात आधी तिथेच येतं, कारण तिथे ऊन लागतं आणि लाटेने सतत ओल राहते.

ट्रेलरवरून उचलणं

सगळ्यात धोक्याचा भाग हाच. ट्रेलरच्या पट्ट्या जिथे बुडाला टेकतात तिथे रंग पोचत नाही, म्हणून होडी चार-सहा इंच वर हवी.

पद्धत अशी. इंधनाची टाकी आणि हलणारं सामान उतरवा. चाकांना पुढूनमागून दगड किंवा लाकडी पाचर लावा. पट्ट्याने होडी ट्रेलरला बांधली असेल तर तो सोडा. आता ट्रेलरचं तोंड, म्हणजे जीपला अडकतं ते टोक, शक्य तितकं खाली आणा. मागची बाजू वर जाईल. मागच्या दोन्ही कोपऱ्यांखाली, जिथे होडीचा तळ आणि मागची फळी मिळते तिथे, जाड लाकडी ठोकळे रचा आणि वर रबराचा तुकडा ठेवा. मग तोंड जॅकने सावकाश वर घ्या. मागची बाजू ठोकळ्यांवर टेकेल आणि नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, उचलली जाईल. नाळेकडे कण्याखाली, म्हणजे बुडाच्या मधल्या लांब कडेखाली, ठोकळे लावा. तोंड पुन्हा मध्यावर आणलं की ट्रेलर दोन्हीकडून सुटतो आणि होडी ठोकळ्यांवर राहते. दोन्ही बाजूंना आधाराचे टेकू लावा, म्हणजे ती कलंडणार नाही.

ठोकळे कण्याखाली आणि कडांखालीच. मधल्या सपाट फायबरवर जॅक टेकवला तर तो आत दबतो, तडकतोही. आणि नुसत्या जॅकवर तोललेल्या होडीखाली कुणीही, एका क्षणासाठीसुद्धा, डोकं घालायचं नाही. हे काम दोघांचं आहे. तिसरा सल्ला द्यायला येतोच.

खरवडणं आणि घासणं

होडी पाण्यात राहिलेली असेल तर बार्नेकल बाहेर काढल्या काढल्याच काढा. ओले असताना प्लास्टिकच्या किंवा लाकडी पट्टीने सुटतात. लोखंडी पत्रा वापरलात तर कोपरे घासून गोल करून घ्या, नाहीतर जेलकोटमध्ये चरे पडतील.

बार्नेकल निघाला तरी मागे रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान अशी पांढरी गोल चकती राहते. नवखा माणूस त्यावरूनच रंग फिरवतो. चकती चुन्याची असते, तिच्यावर रंग धरत नाही. आणखी एक गोष्ट, बार्नेकलच्या पिल्लांना आपल्या जातीची जुनी वस्ती ओळखू येते आणि ती तिथेच बसायला बघतात. चकत्या घासून साफ करा. व्हिनेगरचं फडकं थोडा वेळ ठेवलं की चुना मऊ पडतो. बाथरूमचं ॲसिड वापरणारेही आहेत. वापरलंत तर पातळ करून, हातमोजे आणि चष्मा घालून, आणि ट्रेलरच्या जस्त चढवलेल्या लोखंडाला किंवा इंजिनाच्या ॲल्युमिनियमला लागू न देता. त्या ॲसिडशेजारी ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचं पाणी येऊ देऊ नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.

मग गोड्या पाण्याने भरपूर धुवा. मीठ राहिलं तर पुढे तिथेच फोड येतात.

नव्या होडीच्या जेलकोटवर साच्याचं मेण असतं. ते आधी मेण काढायच्या द्रावणाने काढायचं, पॉलिश पेपर नंतर. उलट केलंत तर मेण ओरखड्यांत चोळलं जातं. एक फडकं द्रावणाचं, दुसरं कोरडं, आणि दोन्ही सारखी बदलायची. पाणी शिंपडून पाहा. थेंब गोळा होऊन राहिले तर मेण आहे, पाणी सपाट पसरलं तर गेलं.

आता ८० नंबरचा पॉलिश पेपर. जेलकोटची चकाकी जाईपर्यंत घासायचं, जेलकोट जाईपर्यंत नाही. बुडाला आधीचा रंग असेल तर त्यावर ब्लेडने बारीक चौकटी आखा, चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढा. चौकटी पट्टीला चिकटून आल्या तर जुना रंग पूर्ण काढा. पक्का असेल तर वरचा थर घासला की पुरे. मऊ रंगावर कडक रंग टिकत नाही. जुना कोणता ते माहीत नसेल तर मध्ये जुन्या-नव्या रंगांना जोडणाऱ्या जोडप्रायमरचा एक हात द्या.

जुना रंग कधीही कोरडा घासू नका. ती धूळ तांब्याची आहे. पाण्याचा पेपर घ्या आणि ओलं घासा. तोंडाला कापडी रुमाल उपयोगाचा नाही. धुळीला चांगला बसणारा एन-९५, आणि थिनर किंवा इपॉक्सी हाताळताना बाष्प अडवणाऱ्या डब्यांचा रबरी मास्क. एन-९५ वासाला अडवत नाही. अंगभर कपडे, चष्मा, हातमोजे हवेतच, कारण तुम्ही उताणे आणि रंग वर असतो.

प्रायमर

उघड्या जेलकोटला दोन डब्यांच्या इपॉक्सी प्रायमरचे हात द्यावेत. फायबर हळूहळू पाणी पितं आणि आत फोड धरतात, ते हा थर अडवतो. दोन्ही भाग पत्रकात लिहिलेल्या मापानेच मिसळा. ‘लवकर वाळावं म्हणून’ हार्डनर जास्त घालायचा नाही, तो जास्तीचा भाग नुसता मऊ राहतो. उन्हाळ्यात थोडं थोडंच कालवा, मोठ्या डब्यातलं मिश्रण स्वतःच तापून अर्ध्या तासात घट्ट होऊ शकतं.

शेवटच्या प्रायमरवर बुडाच्या रंगाचा पहिला हात कधी द्यायचा, यावर सगळं काम टिकतं. इपॉक्सी पूर्ण कडक झाला की रंग त्याला धरत नाही आणि नंतर तळहाताएवढे पापुद्रे सुटतात. अंगठ्याने दाबून पाहा. अंगठ्याला रंग लागत नाही, पण दाबल्याची खूण उमटते आणि किंचित चिकट वाटतं, ती वेळ. कोकणातल्या उन्हात ही वेळ झटपट येते, म्हणून प्रायमरचा शेवटचा हात मारून जेवायला जाऊ नका. वेळ टळलीच तर प्रायमर पुन्हा घासून खरबरीत करायचा, दुसरा इलाज नाही.

रंग

डबा उघडल्यावर वर तेलकट द्रव दिसतो, तांबं तळाशी बसलेलं असतं. चपट्या काठीने तळ खरवडत ढवळा, काठी वर उचलल्यावर तिच्यावर गाठी दिसेनाशा होईपर्यंत. पाच मिनिटं पुरत नाहीत. अर्धवट ढवळलं तर डब्याच्या पहिल्या अर्ध्यात नुसतं तेल लागतं आणि होडीच्या एका बाजूला बार्नेकल येतात. मध्येमध्येही ढवळत राहा.

पाणरेषेवर चिकटपट्टी लावा. रोलर चार इंची, आखूड केसांचा. साधा फोमचा रोलर थिनरमध्ये विरघळतो. रंग पाजायचा नाही, ताणायचाही नाही, जाडसर एकसारखा बसला पाहिजे. भिंतीला पातळ हात मारायची सवय असलेला रंगारी बोलावलात तर त्याला हे आधी सांगा, नाहीतर कौतुकाने रंग वाचवून देईल.

पहिल्या हाताला वेगळा रंग घ्या. खाली निळा, वर लाल. पुढे जिथे निळा डोकावेल तिथे वरचा संपला. हंगामाच्या मध्यात ही खूण फार कामाला येते.

दोन हातांमध्ये पत्रकातली मुदत पाळा. नाळेची पुढची धार, पाणरेषेचा चार बोटांचा पट्टा, मागची फळी, कण्याची खालची कड आणि ट्रेलरच्या पट्ट्या जिथे टेकतात त्या जागा, इथे तिसरा हात द्यायचा. पट्ट्यांच्या जागा आधीच मोजून टेपने खुणावून ठेवल्या तर गोंधळ होत नाही.

शेवटचा हात पुरता वाळायच्या आत चिकटपट्टी ओढा, धार स्वच्छ येते.

काय रंगवायचं नाही तेही सांगतो. जस्ताचे किंवा ॲल्युमिनियमचे ॲनोड, म्हणजे बाकीचा धातू वाचावा म्हणून स्वतः झिजणारे तुकडे, रंगवले की काम करत नाहीत. इंजिनाचा पाय ॲल्युमिनियमचा असतो, त्याला तांब्याचा रंग नको. इंजिन जिथे टांगतं त्या जागेभोवतीही दोन-तीन सेंटिमीटर जागा कोरी सोडा. होडी उभी असताना इंजिन वर उचलून ठेवा, निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. खोली मोजायच्या यंत्राचा ट्रान्सड्यूसर साध्या रंगाने रंगवू नका, त्यासाठी पाण्यावर आधारलेला वेगळा रंग असतो.

ट्रेलरवर परत, मग पाण्यात

रंग वरवर वाळला म्हणजे भार सोसायला तयार झाला असं नाही. मी तरी लगेच त्याच संध्याकाळी होडी पट्ट्यांवर टेकवत नाही, दुसरा दिवस जाऊ देतो. पत्रकात पाण्यात सोडायची किमान आणि कमाल मुदत असते, ती भिंतीवर लिहून ठेवा.

पट्ट्यांवरच्या गालिच्यात पुळणीची वाळू अडकून बसते. त्यावरून होडी सरकली की तो पॉलिश पेपरच. दरवेळी चढवण्याआधी गालिचा पाण्याने धुवा. आणि होडी चढवताना कोरड्या पट्ट्यांवर दोराने खेचू नका. भरती साधा, ट्रेलर पुरेसा बुडवा, होडी तरंगत पट्ट्यांवर येऊ द्या आणि मगच बांधा. रंग तीन फेऱ्यांत जातो की हंगामभर पुरतो, ते इथे ठरतं. ट्रेलरच्या चाकांच्या बेअरिंगला ग्रीस हा वेगळा विषय, पण खाऱ्या पाण्यात बुडवलेलं चाक न धुता पुण्याला निघालात तर वाटेत भेटेलच.

हंगामभर

झिजणाऱ्या रंगाला हालचाल लागते. होडी दोन आठवडे एका जागी उभी राहिली तर एक फेरी मारून आणा. नुसता बुळबुळीत थर असेल तर तेवढ्याने जातो.

बूड पाहायला दरवेळी ट्रेलर नको. जिथे वाळू सपाट आणि दगड नाहीत अशा पुळणीवर ओहोटीला होडी टेकू द्या आणि वाकून पाहा. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाच्या वेळी पाणी खूप मागे जातं, वेळ पुरेसा मिळतो. मात्र उधाणाच्या अगदी माथ्यावर होडी टेकवू नका. पुढची भरती कमी आली तर ती तिथेच राहील. शेवाळ दिसलं तर ओल्या मऊ स्पंजने हलकं पुसा. ब्रश लावला आणि पाण्यात लाल ढग उठला की तुम्ही औषधच धुऊन टाकताय.

तो ढग कुठे जातो हेही पाहा. खाडीत बायका कालवं फोडतात, तिसऱ्या (शिंपले) काढतात, आणि तांबं शिंपल्यांना बाधतं. पूर्वीच्या रंगांत तांब्यापेक्षा जालीम टीबीटी हे कथलाचं संयुग असे. फ्रान्समधल्या आर्काशों उपसागरात त्यामुळे कालवांची शेती बसली आणि १९८२ मध्ये तिथे छोट्या होड्यांवर त्याला बंदी आली. २००८ पासून आंतरराष्ट्रीय कराराने जहाजांवरही ते बंद आहे. सायब्युट्रीन हे शेवाळनाशक २०२३ पासून त्याच करारात बंद झालं. जुना, उघडा, लेबल नसलेला डबा कुणी फुकट देत असेल तर घेऊ नका. खरवड, वापरलेले पेपर, ताडपत्रीवरची धूळ गोळा करून पिशवीत बांधा आणि घातक कचऱ्यात द्या. खाडीत, विहिरीजवळ किंवा माडाच्या आळ्यात झटकू नका.

हंगाम संपल्यावर

मे अखेरीस होडी बाहेर काढली की लगेच, ओली असतानाच, गोड्या पाण्याने धुवा. निळा कुठे कुठे दिसतो त्याचा फोटो काढून ठेवा, पुढच्या वर्षी तिसरा हात कुठे द्यायचा ते त्यात आहे. होडी शाकारताना प्लास्टिक बुडाला घट्ट गुंडाळू नका, हवा खेळू द्या.

पाऊस संपल्यावर, लाल सगळीकडे शाबूत असेल तर पुन्हा रंग नको. बारीक ओल्या पेपरने वरचा मेलेला थर हलका काढला की खालचं ताजं तांबं उघडं पडतं आणि होडी पाण्यात जायला तयार होते. निळा वीतभर पसरलेला असेल तर तेवढ्या जागी दोन हात, आणि वर सगळीकडे एक.

उरलेला डबा झाकण ठोकून, सावलीत, पोरांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा. वर्षाने उघडाल तेव्हा तांबं तळाशी घट्ट बसलेलं असेल. काठीने ढवळून ते मोकळं झालं तर वापरा. लाडवासारखं हाताला आलं तर थिनर ओतून झुंजत बसू नका, डबा बाद.